चुलीवर टिकलेला नाताळ

‘नाताळ’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असेल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. हिंदीत ‘बडा दिन’ म्हणतात, इंग्रजी शाळेतली मुलं ‘ख्रिसमस’ म्हणतात. आपली सुट्टी मात्र नाताळचीच. शब्द पोर्तुगीज आहे. ‘नाताल’ म्हणजे जन्माचा, ख्रिस्तजन्माचा दिवस. १४९७ साली हिंदुस्थानची वाट शोधत निघालेला वास्को द गामा नाताळच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून चालला होता. त्या किनाऱ्याला त्यानं ‘नाताल’ हे नाव दिलं. पुढं १८९४ साली गांधीजींनी ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ काढली, ती याच प्रांतात. म्हणजे शाळेच्या पुस्तकात गांधीजींच्या धड्यात भेटलेलं नाताळ आणि डिसेंबरच्या सुट्टीतला नाताळ ही सख्खी भावंडं आहेत. दोघांनाही एकाच जहाजानं इकडं आणलं.

मी या सणाबद्दल का बोलावं, असं कुणी विचारील. मी कोकणी मुसलमान. कविता मराठीत लिहितो. चर्चशी माझं नातं पाहुण्याचं. पण माझ्या शाळकरी वयातले बरेचसे डिसेंबर वसईच्या किनाऱ्यावर, भुईगाव-राजोडी-कळंबच्या पट्ट्यातल्या एका गावात, वर्गमित्राच्या घरी गेले. त्या घरात नाताळचा दिवस मी फारसा पाहिला नाही, कारण त्या दिवशी घरातली सगळी माणसं चर्चमध्ये आणि नातेवाइकांकडे. मी पाहिली ती तयारी. आणि पुढं इतिहासाची पुस्तकं वाचायला लागल्यावर मला असं वाटू लागलं की या किनाऱ्यावरच्या नाताळचा खरा इतिहास त्या तयारीतच साठवलेला आहे. आज तोच थोडा उलगडून पाहू.

पहिली गोष्ट हवेची. नाताळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बर्फ येतो. शुभेच्छापत्रांवर बर्फ, दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ. वसईच्या किनाऱ्यावर डिसेंबरातली पहाट गार असते, अंगावर चादर लागते, पण दुपारी बारा वाजता अंगणात वाळत घातलेल्या तांदळाजवळ उभं राहिलं तर घाम येतो. मग हा बर्फ आला कुठून? बायबलमधल्या जन्मकथेत बर्फ नाही. रात्री उघड्या माळावर मेंढरं राखणारे मेंढपाळ आहेत. आमच्या कुराणात तर या जन्माच्या कथेचा एक सबंध अध्याय आहे, सूरह मरियम. स्त्रीच्या नावानं असलेला कुराणातला हा एकमेव अध्याय. तिथं मरियम खजुरीच्या झाडाखाली प्रसूत होते, पायाशी झरा वाहतो आणि झाड हलवल्यावर पिकलेला खजूर खाली पडतो. खजूर पिकायला ऊन लागतं. तेव्हा उकाड्यातला नाताळ ही काही वसईकरांनी केलेली तडजोड नव्हे. २५ डिसेंबर ही तारीख रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झाली, आणि बर्फ, सदाहरित झाड, छापील शुभेच्छापत्र हे सगळं युरोपच्या उत्तरेकडून पुष्कळ नंतर आलं. पहिलं छापील नाताळपत्र लंडनला १८४३ साली निघालं. वसईत नाताळ साजरा होऊ लागला तेव्हा असं छापील पत्र जन्मालाच यायचं होतं.

वसईचा नाताळ सुरू कधी झाला? योगायोग असा की त्याच्या मुळाशीही डिसेंबरच आहे. २३ डिसेंबर १५३४ या दिवशी गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानं पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई, तिच्या आसपासचा मुलूख आणि मुंबईची बेटं त्यांना देऊन टाकली. मोगल बादशहा हुमायूनची धास्ती त्याला होती. पोर्तुगीजांची मदत हवी होती. तहावर सही झाली ती ‘साव मातेउश’ नावाच्या पोर्तुगीज गलबतावर. नाताळ दोन दिवसांवर आलेला. एका मुसलमान सुलतानानं, आपली गादी सांभाळण्यासाठी, हा किनारा ख्रिस्ती राजाच्या हाती दिला. त्यात धर्माचा प्रश्न नव्हता, राजकारणाचा होता. पण राज्य बदललं की धर्माचा प्रश्न दाराशी येतोच.

तो कसा आला हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पोर्तुगीजांच्या राज्यात देवळं पाडली गेली, मशिदीही पाडल्या गेल्या. काही लोक आपखुशीनं ख्रिस्ती झाले असतील, काही जमिनीच्या आणि नोकरीच्या आशेनं, आणि पुष्कळ धाकानं. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचं न्यायासन बसलं. त्याचा अंमल वसईपर्यंत होता. बाटवलेल्या माणसांनी जुन्या चालीरीती पाळू नयेत यासाठी या न्यायासनानं फर्मानं काढली. १७३६ सालच्या एका फर्मानात तर माणसानं काय नेसावं, दारात तुळस लावावी की नाही, भात कसा शिजवावा इथपर्यंत मनाई आहे. ज्यांना या इतिहासाचा खोलात जाऊन अभ्यास करायचा असेल त्यांनी अ. का. प्रियोळकरांचं लेखन पाहावं.

पण या फर्मानांकडं दुसऱ्या बाजूनंही पाहता येतं. मनाई कशावर येते? जे चालू असतं त्याच्यावर. दोनशे वर्षं राज्य केल्यावरही सरकारला भात शिजवण्यावर फर्मान काढावं लागतं, याचा अर्थ घराघरांत बायका आपल्या पद्धतीनंच स्वयंपाक करत होत्या. इन्क्विझिशनचा हात देवळापर्यंत पोचला, नावांपर्यंत पोचला, पण वैलापर्यंत पुरता पोचला नाही.

मग १७३९ साल आलं. चिमाजी आप्पांच्या फौजेनं दोन वर्षांच्या मोहिमेनंतर त्या वर्षीच्या मे महिन्यात वसईचा किल्ला घेतला. २०५ वर्षांचं पोर्तुगीज राज्य संपलं. शरण आलेल्या पोर्तुगीजांना मराठ्यांनी सन्मानानं जाऊ दिलं, आणि मागं राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहात दिली. शिपाई गेले, फिदाल्गो म्हणजे बडे सरदार गेले, गोरे पाद्री गेले. किल्ल्यातल्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत, छपरं नाहीत. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर नेल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा, भीमाशंकरची घंटा, या तिथल्याच मानल्या जातात. आजही त्या वाजतात आणि त्यांचा नाद देवळांना शोभूनही दिसतो. धातूला धर्म नसतो, हे त्यातून कळतं.

आता विचार करा. राजा गेला, सैन्य गेलं, परदेशी पाद्री गेले, घंटासुद्धा गेल्या. मे महिना होता. सात महिन्यांनी नाताळ आला असणार. सरकारी कृपेवर चालणारा सण असता तर तो तिथंच थांबला असता. कुणाची जबरदस्ती उरली नव्हती, कुणाकडून काही मिळण्याची आशा उरली नव्हती. तरी सण झाला. पुढच्या वर्षी झाला, त्याच्या पुढच्या वर्षी झाला, आजवर होत आला. गोव्याहून आलेले देशी पाद्री, गावचे वडीलधारे आणि घराघरांतल्या बायका यांनी तो चालवला. सुरुवातीला जे लादलं गेलं असेल ते या लोकांनी आता स्वतःहून उचललं. माझ्या मते वसईचा नाताळ तेव्हापासून खऱ्या अर्थानं वसईचा झाला.

तो कसा टिकला हे पाहायचं तर वर्गमित्राच्या घरी चला. त्याच्या आईला मी मावशी म्हणत असे. डिसेंबर लागला, आगमनकाळाचे रविवार सुरू झाले, की मावशी पहिल्यांदा तांदूळ काढत. घरच्या शेतातले. ते धुवायचे, सावलीत सुकवायचे, दळून आणायचे. मग नारळ. दहा-पंधरा नारळ फोडून खवायला दोन बायका खवणी घेऊन बसत. गूळ, वेलची, रवा, अंडी, लोणी अशी जमवाजमव. दिवाळीच्या आधी शेजारच्या हिंदू घरांत जी धावपळ असते आणि रमजान ईदच्या आधी आमच्या घरी जी असते, तीच ही. जिन्नसही पुष्कळसे तेच. करंजी त्यांच्याकडेही होती, गोव्यात तिला नेवरी म्हणतात. आत खोबरं, रवा, साखर. तिला नाताळ कुणी शिकवला? ती इथलीच होती, तिला नवा सण मिळाला एवढंच.

कलकल हा मुलांचा पदार्थ. रवा-मैद्याचं गोडसर पीठ मळायचं, बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या दात्यांवर दाबून पसरायची आणि गुंडाळून काढायची. शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. घरात काटे तीन आणि मुलं आठ. मग बाजारातून नवे कंगवे आणले जात आणि कंगव्यावर कलकल वळले जात. मला त्या कामाला बसवत. माझे कलकल लठ्ठ व्हायचे. मावशी म्हणायच्या, “राहू दे, तळल्यावर कुणाला कळतंय कुणी वळलंय ते!” हे वाक्य मी आयुष्यभर जपलंय. तळल्यावर कळत नाही, हे खरंच आहे.

भात आणि नारळ यांचं नातं तर सगळ्या कोकणाचं. तांदळाचं पीठ आंबवून वाफवलेली सांदणं आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरी नारळाच्या दुधाबरोबर खातात. गोव्याच्या ख्रिस्ती घरात सणाला सान्नां होतात, त्यात आंबवायला माडी. फणसाच्या दिवसांत हिंदू घरांत फणसाची सांदणं. नाव एक, भांडं एक, वाफ एक. तीन धर्मांच्या चुली तीन, पण मोदकपात्र इकडचं तिकडं जात असे.

या ताटातले शब्द पाहिले तर सबंध समुद्राचा नकाशा दिसतो. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा गूळ आटवून केलेला दोदोल. हे नाव मलाया-जावाकडचं. काजू आला ब्राझीलहून. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो आणला, आणि युरोपात बदाम घालून करतात ती मार्झिपान नावाची मिठाई आपल्या किनाऱ्यावर काजूची झाली. पेरूही अमेरिकेतला. त्याच्या गराचा आटवून केलेला पेराद म्हणजे पेरूची वडीच. पाव, बटाटा, पपई, अननस, साबण, चावी, बादली, परात, पगार, हे सगळे शब्द पोर्तुगिजांकडून मराठीनं घेतले आणि आपलेसे केले. नाताळच्या आधी घर साबणानं धुवायचं, पगार झाला की बाजार करायचा, परातीत पीठ मळायचं; या एका वाक्यात किती पोर्तुगीज आहे पाहा. तरी वाक्य मराठीच.

आणि आता साखर. पोर्तुगीज साखरेला ‘असूकर’ म्हणतात. त्यांनी तो शब्द घेतला अरबांकडून, ‘अस्-सुक्कर’. अरबांनी घेतला इराण्यांच्या ‘शकर’वरून, आणि इराण्यांनी आपल्या संस्कृत ‘शर्करे’वरून. इथून निघालेली शर्करा इराण, अरबस्तान, स्पेन-पोर्तुगाल असा प्रवास करून नाताळच्या मिठाईत परत आली. पोर्तुगालात नाताळच्या रात्री एक गोड पदार्थ करतात, दुधात शिजवलेल्या शेवया, वर दालचिनीची पूड. त्याचं नाव ‘अलेत्रिया’. हा शब्दही अरबी, ‘अल्-इतरिया’. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मनाशी म्हटलं, अरे, ही तर आमच्या शिरखुर्म्याची मावसबहीण! युरोपात अरबांनी शेकडो वर्षं राज्य केलं, मग तिथून त्यांना हाकललं, मशिदींची चर्चं झाली. पण शेवयांची वाटी तिथंही चुलीवर राहिली. वसईत १७३९ नंतर जे झालं त्याचं हे उलटं प्रतिबिंब आहे. राज्यं हाकलता येतात, शेवया हाकलता येत नाहीत.

घराबाहेर मुलांची तयारी वेगळी. गोठा करायचा. येशूचा जन्म गोठ्यात झाला म्हणून हा देखावा. इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसनं १२२३ साली पहिल्यांदा असा गोठा मांडला असं मानतात. तिथं खरा बैल आणि खरं गाढव होतं. वसईत गोठ्याचं सामान आयतंच असे. भाताचा पेंढा घरचा, बांबू वाडीतला, वाळू समुद्रावरची. दहा-बारा दिवस आधी मुलं पसरट भांड्यात नाचणी नाहीतर मेथी पेरत, म्हणजे नाताळपर्यंत गोठ्यापुढं हिरवं कुरण तयार. नवरात्रात घटाखाली धान्य रुजवतात त्याची मला आठवण होई. झाड म्हणाल तर समुद्रकाठच्या सुरूची फांदी. पाइनची ऐट तिला नसते, पण दुरून तशीच दिसते. बांबूच्या कामट्यांवर पतंगाचा कागद चिकटवून तारा करायचा आणि आत दिवा सोडायचा. दिवाळीचा आकाशकंदील ज्या हातांनी केला त्याच हातांनी हा तारा केलेला असायचा. कधीकधी कामट्यासुद्धा त्याच.

घरात आणखी एक गजबज होती, ती रजेवर येणाऱ्यांची. कुणी जहाजावर, कुणी आखातात. आमच्या घरांतही तेच, म्हणून ती वाट पाहणं मला ओळखीचं होतं. तारीख कळली की त्या माणसाच्या आवडीचा जिन्नस आधी करून डब्यात भरायचा, आणि त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. वाडीतल्या फुलांचा व्यापार याच दिवसांत जोरात असे. पहाटेच्या गाडीनं टोपल्या घेऊन दादरच्या फुलबाजारात गेलेल्या बायका दुपारी परत येऊन पुन्हा पिठात हात घालत. नाताळच्या खर्चाचा बराचसा भाग या टोपल्यांतून निघत असे.

मग ताटं. तयार झालेल्या पदार्थांची ताटं शेजारीपाजारी पाठवायची, वर विणलेला रुमाल. गोव्यात आणि मंगळूरकडे या नाताळच्या फराळाला कुसवाड, कुसवार म्हणतात. तोही पोर्तुगीज ‘कोन्सोआदा’ या शब्दाचाच अवतार. आमच्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर मूठभर साखर घालून करतात.

१९९८, १९९९ आणि २०००, अशी सलग तीन वर्षं नाताळ रमजानच्या महिन्यात आला. आमचं वर्ष चांद्र असल्यानं सण ऋतूंमधून फिरत राहतात, त्यामुळं असं तीसेक वर्षांनी होतं. मी तेव्हा संसारी माणूस होतो. २००० सालच्या नाताळला मुलांना घेऊन मित्राकडे गेलो. दुपारी पोचलो तर मावशींनी पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नाही. आल्यागेल्याला ताटं भरून देत होत्या, आमच्याकडे पाहत नव्हत्या. सूर्य समुद्रात बुडायच्या सुमारास त्यांनी ओसरीवर चटई अंथरली, ताटलीत खजूर ठेवले आणि घड्याळाकडं पाहत उभ्या राहिल्या. पलीकडे माजघरात त्यांचे पाहुणे जेवत होते. रोजा सुटल्यावर मग कलकल, करंज्या, दोदोल. तीन दिवसांनी आमची ईद झाली, तेव्हा शिरखुर्मा त्यांच्याकडे गेला. यात कुणी काही मोठं केलं असं कुणालाच वाटलं नाही. तीनशे-चारशे वर्षं एकमेकांच्या स्वयंपाकघराची सवय असली की अशी समज येते. ती भाषणांनी येत नाही.

भाषेची गोष्टही सांगायला हवी. पूर्वी चर्चमधली उपासना लॅटिनमध्ये चाले. १९६२ ते ६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि लोकभाषेत उपासना करायला मोकळीक मिळाली. वसईत मध्यरात्रीची मिस्सा मराठीत होऊ लागली. तशी ख्रिस्तजन्माची कथा मराठीला नवी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं १६१६ साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापलं, ते ओवीतच. सामवेदी, वाडवळी या वसईच्या घरगुती बोलीही मराठीच्याच लेकी. सामवेदी ख्रिस्ती स्वतःला कुपारी म्हणवतात, तो शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आला असं मानतात. नाव पोर्तुगीज, बोली मराठी, उपासना मराठी.

असं असूनही प्रश्न विचारला जातोच. “तुमचं मराठी किती छान आहे हो!” हे कौतुक मी कविसंमेलनांतून अनेकदा ऐकलं आहे. ते करणारा माणूस भला असतो. पण कौतुकाच्या पोटात एक आश्चर्य असतं, आणि त्या आश्चर्यात एक कुंपण असतं. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, संतसाहित्याचे अभ्यासक. २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, संमेलनाचे अध्यक्ष झाले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या मातीतला माणूस. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन त्यांनी वर्षानुवर्षं केलं, वसईची शेतं आणि पाणी वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ उभी केली. तरी त्यांच्या निवडीला काहींनी केवळ धर्मावरून विरोध केला. २०२४ साली ते गेले. त्या विरोधाच्या दिवसांत मला १७३९ सालचा तो पहिला नाताळ आठवत असे. तेव्हा विजयी फौजेनं जी मोकळीक रयतेला दिली होती, ती आपण तीनशे वर्षांनी परत तपासायला निघालो होतो. पूर्वजांवर झालेल्या जबरदस्तीचा हिशोब त्यांच्या वंशजांकडून मागणं हा कुठला न्याय? ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांचेच हे वंशज आहेत.

पण नाताळच्या तयारीपुढं आज उभं असलेलं संकट या वादापेक्षा साधं आहे, आणि म्हणून अधिक अवघड आहे. वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. इमारती वाढल्या, शेतं कमी झाली. मित्राच्या घरी आता तांदूळ विकतचे येतात, नारळाचं दूध डब्यातलं येतं, पेंढा शोधावा लागतो. तारा प्लास्टिकचा आहे, आणि तो पाऊस आला तरी भिजत नाही हे मीही मान्य करतो. मावशी आता नाहीत. त्यांची सून नोकरी करते. लोकलनं येऊन-जाऊन दिवसाचे तीन तास जातात; तिनं पंधरा नारळ खवावेत असं म्हणायचा अधिकार मला नाही. मावशींच्या पिढीतल्या बायकांचे हात दुखत असत, हेही मी पाहिलं आहे. गल्लीतल्या दोघी-तिघी बायका आता कलकल आणि करंज्या ऑर्डरनं करून देतात. डबे सुबक असतात, चवही चांगली असते.

तरी एक दिवस त्या सुनेनं राखून ठेवला आहे. नाताळच्या आधीच्या रविवारी घरातले सगळे, पुतणे, भाचे, शेजारची मुलं, फक्त कलकल वळायला बसतात. किलोभर पिठाचे. बाकीचं विकतचं. मी विचारलं, “एवढंच का ठेवलं?” ती म्हणाली, “काका, हे एकटीला करताच येत नाही, म्हणून.” इतिहासाच्या पुस्तकांत मला जे सापडलं नव्हतं ते तिच्या या उत्तरात होतं. जे एकट्यानं करता येत नाही तेच टिकतं, कारण त्यासाठी माणसं बोलवावी लागतात.

गेल्या वर्षी माझी नात तिथं बसली होती, नवा कंगवा घेऊन. २०३१ साली नाताळ पुन्हा रमजानमध्ये येईल. तेव्हा ती मोठी झालेली असेल, कदाचित रोजाही धरत असेल. ती पिठाच्या गोळ्या वळेल आणि चाखून पाहणार नाही. सूर्य मावळेपर्यंत ताट तिच्यासाठी कुणीतरी झाकून ठेवील, असं मला आजच्या घडीला तरी वाटतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)